घोरपडीच्या तोंडाला मातीचा वास

समुद्राची गाज जेमतेम ऐकू येईल अशा एका दाट जंगलात एक शिखर होते. होते म्हणजे, असावे असे सगळे म्हणत. कारण ते सदा ढगात बुडालेले आणि तिथला पाऊस काही केल्या हटत नसे. माणसांनी त्या जंगलाला राष्ट्रीय उद्यान ठरवून वेशीवर पाटी ठोकली, पण शिखरावर त्यांच्यातलेही कुणी फिरकत नसे. आता मुलांनो, जे दिसत नाही त्याच्याविषयी काय काय बोलले जाते, ते तुम्हाला मी सांगायला नको. वर हाडांचा ढीग आहे म्हणे, वर कुणीतरी दबा धरून बसले आहे म्हणे! खालच्या ओढ्यावरचा खंड्या पक्षी तर रोज नवी बातमी आणी. आणि हा शहाणा स्वतः उंबराच्या शेंड्यापलीकडे कधी उडालेला नव्हता.

खरे सांगायचे तर वर एक म्हातारी घोरपड राहत होती. बाकी कुणी नाही.

खाली ओढ्याच्या काठी, बिळात, एक पाणमांजरी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. त्या ओढ्याचा एक रिवाज होता. परका प्राणी आला की त्याने आधी तोंड उघडायचे आणि यजमानाने त्याचा वास घ्यायचा. तो काय खाऊन आला आहे, ते त्यावरून कळे. रिवाज चांगलाच होता. पण मागच्या वर्षी पाणमांजरीचे एक पिल्लू अजगराने गिळले, आणि तेव्हापासून बिचारीचा कशावरच विश्वास राहिला नाही. स्वतः पकडलेला मासासुद्धा ती उलटसुलट हुंगल्याशिवाय पिल्लांना देत नसे. पिल्ले बाहेर खेळून आली की त्यांनाही हुंगून बघे, की ही आपलीच ना!

एकदा सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता, आणि ओढा मात्र आटत चालला होता. कधी न दिसणारे गोटे उघडे पडले. मासे डबक्यांत तडफडू लागले. पाणमांजरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"एवढ्या पावसात पाणी जाते कुठे?" ती म्हणाली.

"चोरतेय कुणीतरी!" खंड्या फांदीवरून ओरडला. "वरचे कुणीतरी आपले पाणी अडवून बसलेय. मी तर केव्हापासून सांगतोय!"

तेवढ्यात झुडपे हलली आणि धापा टाकत घोरपड खाली आली. कधी न पाहिलेली घोरपड नेमकी आजच शिखराकडून उतरली, हे बघून पाणमांजरी बिळाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"पोरी, पिल्लांना घेऊन वरच्या कातळावर जा," घोरपड म्हणाली. "शिखराखाली दरड कोसळलीय. झाडे, दगड, चिखल, सगळे ओढ्याच्या वाटेत अडकलेय. मागे पाणी तुंबलेय. बांध फुटला की हे बीळ राहायचे नाही."

"आधी तोंड उघड," पाणमांजरी म्हणाली.

घोरपडीने निमूटपणे तोंड उघडले. पाणमांजरीने वास घेतला आणि ती दचकून मागे सरली. "मातीचा वास! ओल्या, खोलातल्या मातीचा. कुणाचे बीळ उकरून आलीस?"

"अगं, दरडीतून सरपटत आले. तोंडात चिखल गेला."

"बघा, उत्तर कसे तोंडावर तयार!" खंड्या म्हणाला.

पाणमांजरीने डोळे बारीक केले. "खरे सांग. तू पिल्ले खातेस की नाही?"

"मिळाली तर खाते," घोरपड म्हणाली. "खोटे कशाला बोलू? पण आज खायला आले नाही."

झाले! पाणमांजरीचा संशय आणखीच पक्का झाला. आज जी इतके खरे बोलते, तिच्या मनात नक्की काहीतरी काळेबेरे असणार. पण ओढा तर डोळ्यांदेखत आटत होता. ती म्हणाली, "ठीक आहे. मी एकेक पिल्लू वर नेते. तोवर तू त्या मधल्या खडकावर बसायचे. मला वरून दिसायला हवीस. जागची हललीस, तर तू बिळाकडेच निघालीस असे मी समजेन. मी 'ये' म्हटल्याशिवाय उठायचे नाही."

मधला खडक म्हणजे ऐन ओढ्याचे पात्र. घोरपडीने एकदा वर, ढगाकडे पाहिले. "नेतेस ना पण पिल्ले? मग बसते," ती म्हणाली, आणि जाऊन बसली.

पाणमांजरीने पहिले पिल्लू मानेला धरून उचलले. चार पावले चालली की ती वळून बघे. घोरपड जागची हलली नव्हती. दुसऱ्या पिल्लाच्या वेळीही तेच. सरळ गेली असती तर केव्हाच आटोपले असते, पण हिचा अर्धा वेळ मागे बघण्यातच गेला. तिसरे पिल्लू तिने कातळावर ठेवले, तेव्हा वरच्या ढगात काहीतरी घुमू लागले होते. खंड्या केव्हाच उडून गेला होता.

आता फक्त 'ये' एवढेच म्हणायचे होते. पण पाणमांजरीने आधी पिल्ले हुंगून बघितली. पहिले हुंगले, दुसरे हुंगले, तिसरे हुंगले. आपलीच होती. मग तिने हाक मारायला तोंड उघडले, आणि त्याच क्षणी लाल चिखलाचा लोंढा झाडेच्या झाडे घेऊन खाली आला. बीळ गेले, काठ गेला, मधला खडक दिसेनासा झाला. सगळ्या रानात एकच वास भरून राहिला, ओल्या, खोलातल्या मातीचा. पाणमांजरीने तो ओळखला. घोरपडीच्या तोंडाला हाच वास होता. पिल्लांना पोटाशी घेऊन ती मोठमोठ्याने रडू लागली.

पाणी ओसरल्यावर ती धावत खाली गेली. घोरपड खडकाला तशीच चिकटून होती. जिवंत होती, पण ओंडक्याखाली तिचे पुढचे दोन्ही पंजे चिरडले होते.

"मी आधी हाक मारायला हवी होती," पाणमांजरी म्हणाली.

"हो गं, मारायला हवी होतीस," घोरपड म्हणाली. तिने कानउघाडणी केली नाही की शापही दिला नाही.

त्या पंजांनी तिला पुन्हा शिखर चढता आले नाही. पाणमांजरीने तिला कातळाखालच्या कपारीत जागा करून दिली. रोज ती चांगला मोठा खेकडा पकडून आणून घोरपडीपुढे ठेवी, आणि घोरपड तो न हुंगता खाऊन टाकी. ते बघताना पाणमांजरीची मान दर वेळी खाली जाई. पाऊस लागला की ती पिल्लांना जवळ घेऊन शिखराकडे टक लावून बसे. वर ढग असे. त्यामागे काय चालले आहे, ते खाली येऊन सांगणारे आता कुणी उरले नव्हते.

तात्पर्य : सांगणाऱ्याची पारख जरूर करावी, पण तो काय सांगतो आहे तेही तपासून बघावे; नाहीतर आपल्या संशयाचे मोल खरे बोलणाऱ्याला मोजावे लागते, आणि पुढच्या संकटात आपल्याला सावध करायला कुणी उरत नाही.