पाटलिणीची अंबाडी

मराठी, तेलगू आणि कानडी बायका जिथे एकाच विहिरीवर भांडत पाणी भरायच्या, अशा एका गावात एक पाटलीण राहायची. तोंडानं फटकळ, आणि परसातल्या अंबाडीचा भारी तोरा.

डावीकडची तेलगू शेजारीण त्याच भाजीला गोंगुरा म्हणायची, उजवीकडची कानडी शेजारीण पुंडी. पाटलिणीचं डोकं फिरायचं.

"चांगल्या अंबाडीला असली वाकडी नावं? तुमचं ते रानातलं गवत असेल!"

एकदा तेलगू शेजारणीनं प्रेमानं गोंगुऱ्याची चटणी दिली. पाटलिणीनं वाटी झाकलेली तशीच परत नेऊन दिली. "ही आमची भाजी नव्हे," म्हणाली.

पुढं पाटलिणीची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पोटात पाणी ठरेना. तीन दिवसांत पोर वाळून गेली.

"आई, अंबाडी कर गं. तेवढीच खावीशी वाटते."

पाटलीण परसात धावली. बघते तर शेळीनं नुसत्या काड्या ठेवलेल्या. शेळीनं काही नाव विचारून खाल्लं नव्हतं.

तशीच ती डावीकडं गेली. "जुडीभर अंबाडी दे गं."

"अंबाडी? आमच्याकडं कुठली, अक्का? आमच्याकडं गोंगुरा. ती तुमची भाजी नव्हे, तुम्हीच सांगितलंत की."

पाटलीण फणकाऱ्यानं उजवीकडं वळली. कानडी शेजारीण पानंच खुडत बसली होती.

"पुंडी आहे, बाई. गवत. गर्भारशीला गवत कसं द्यायचं?"

पाटलिणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. घरी निघून जावं असं तिला फार वाटलं. पण भिंतीपलीकडून लेकीच्या ओकाऱ्या ऐकू आल्या, आणि तिनं भर गल्लीत पदर पसरला.

"गोंगुरा दे गं बाई! पुंडी दे! चुकलं माझं. तुमच्या भाजीला नावं ठेवली, जीभ झडो माझी!"

"जीभ राहू द्या," कानडी शेजारीण म्हणाली, "चव कशानं घ्याल?"

दोघीही पानं घेऊन आल्या आणि थेट चुलीपाशी बसल्या. मग काय विचारता!

"आंबट पाणी पिळून टाका."

"पिळलं तर उरलं काय, चोथा?"

"ज्वारीच्या कण्या घाला."

"मिरच्या आधी तळा हो!"

"चूल माझी आहे!" पाटलीण ओरडली. कुणी ऐकलं नाही. शेवटी तिघींच्या हातची मिळून एकच भाजी झाली, वर लसणाची फोडणी.

लेकीनं पहिला घास घेतला. तिघी श्वास रोखून बसल्या. घास पोटात ठरला. दुसरा ठरला. भाकरी संपली.

बोटं चाटत लेक म्हणाली, "आई, काय भाजी गं ही?"

दोघी शेजारणींनी पाटलिणीकडं बघितलं. पाटलिणीनं डोळे पुसले आणि पळी उचलली.

"गप जेव. अजून वाढते."

तात्पर्य: आपल्या भाजीला आपण हवं ते म्हणावं, पण शेजारणीच्या ताटाला गवत म्हणू नये. अडल्या वेळी त्याच ताटातलं मागायला जावं लागतं.