पलीकडचा काठ

नाल्याकाठच्या वस्तीत फौजदार घोरपडेंनी सभा भरवली. गळ्यात झेंडूचा हार मिरवत ते गरजले, "पोलीस आणि वस्ती म्हणजे एकच कुटुंब! मग चौकीवर खबर द्यायला कुणी येत का नाही?"

कोंडाबाई गर्दीत बसून ऐकत होती. परवाच गुंडांनी तिच्या लेकाला नाल्यापलीकडं भोसकलं, तेव्हा ती अनवाणी चौकीवर धावली होती. "पलीकडचा काठ आमच्या हद्दीत येत नाही," म्हणून घोरपडेंनीच तिला परत पाठवलं. लेक तिथंच गेला.

ती उठली. "मी आले होते, साहेब. पण आता कुटुंब म्हणालात, तर सुतकाला काही हद्द नसते. घरात सुतक असताना तुमच्या गळ्यात हार कसा?"

साहेबांनी हार उतरवला. तो ठेवायचा कुठं, हे मात्र त्यांना कळेना.