इंद्रजितचा वेग

कोल्हापुरात कॉलेजची फुटबॉल मॅच संपली की खरी मॅच गॅलरीत सुरू होते. त्या दिवशी वाद इंद्रजितवरून पेटला होता. "पोरगं वाऱ्यासारखं पळतंय," असं अर्धी गॅलरी म्हणत होती. "पळतंय, पण अजून कच्चं हाय," असं उरलेली अर्धी.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब उठले. ते प्रत्येक मॅचला प्रमुख पाहुणे असत आणि प्रमुख पाहुण्यासारखेच उशिरा येत.

"तीन मॅच बघितल्या. हे पोरगं नुसतं रेंगाळतंय. फायनलला त्याला बाहेर बसवा."

प्रशिक्षक साळोखे सरांनी शांतपणे विचारलं, "साहेब, आज तुम्ही आलात तेव्हा स्कोअर काय होता?"

"आपण तीन गोलनं पुढं होतो."

"तिन्ही यानंच मारले. मग मीच त्याला दमानं खेळ म्हटलं. पण तुमचं बरोबर आहे, साहेब. ह्याच्या वेगाचं काहीतरी करायलाच पाहिजे. तुमची गाडी गेटवर पोचायच्या आत सगळं आटपून मोकळा होतोय!"

फायनलला भाऊसाहेब पहिल्या रांगेत येऊन बसले, तेव्हा इंद्रजित अजून बूट बांधत होता. गॅलरीचं लगेच एकमत झालं, की यंदा खरी प्रगती भाऊसाहेबांनीच केली.