भोरू कावड्याचा तिरकमठा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. आडकड्याच्या वाडीत ज्याला विचाराल तो आपल्या आज्याच्या आज्यापर्यंत मोजत जातो आणि तिथं दम लागून थांबतो. गोष्ट मात्र प्रत्येकाला काल घडल्यासारखी पाठ आहे, आणि सांगता सांगता सांगणाऱ्याचा डावा हात पुढं जातो, उजवा कानाशी येतो. तुम्ही आपले जरा बाजूला सरकून बसा म्हणजे झालं.

वाडी होती डोंगराच्या कुशीत आणि पाणी खाली दरीत. बाया डोक्यावर मडकी घेऊन चढायच्या. गड्यांमध्ये पाणी भरणारा एकटा भोरू. त्याच्या आईचे, ठमाचे, गुडघे पार गेले होते, बाप वारला होता, आणि बापामागं घरात उरली होती ती त्याची कावड. धामणीच्या लाकडाचा लांब दांडा, दोन्ही टोकांना शिंकी, शिंक्यांत पाण्याची मडकी. बाकीचे गडी शिकारीला निघायचे तेव्हा भोरू दांडा खांद्यावर टाकून दरीत उतरायचा. गडी त्याला हसायचे, त्याचं नावच त्यांनी भोरू कावड्या पाडलं होतं. भोरूही हसायचा, पण शिकारी नजरेआड होईपर्यंत वळून वळून बघायचा.

त्या वर्षी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीक भरात आलं आणि एक रानडुक्कर वाडीला लागलं. असं म्हणतात की ते उभ्या बैलाएवढं होतं. काही जण हत्तीएवढं म्हणतात, पण ते आपण सोडून देऊ. रोज तांबडं फुटताना ते आपला कळप घेऊन यायचं आणि एक वावर भुईसपाट करून जायचं. भाला घेऊन त्याच्या जवळ जायची कुणाची छाती नव्हती. वाडीत खरं धनुष्य एकच, कमळू शिकाऱ्याचं. कमळू त्याच्या वाटेवर जाऊन बसला, डुक्कर अंगावर आलं, त्याचा पाय मोडला आणि हातातलं धनुष्य खुरांखाली सापडून त्याचे तुकडे झाले. कमळू वाचला. पण धनुष्य करणारा म्हातारा केव्हाच मरून गेला होता आणि जाताना आपली विद्या बरोबर घेऊन गेला होता. नेम धरायला सगळे तयार, धनुष्य करायला कुणीच नाही.

मग सगळे चावडीच्या वडाखाली जमले. उरलेली नागली गेली तर वाडी उठवायची, घाट उतरून खाली लोकांच्या शेतात राबायला जायचं, असं ठरू लागलं.  घाट म्हणजे नुसता उभा कडा. आईला पाठीवर घेऊन तिथून उतरायचं म्हणजे दोघंही खाली, आणि तिला इथं एकटीला ठेवायचं म्हणजे ती पाण्यावाचून मरायची. भोरू उठून उभा राहिला.

"तिरकमठा म्या करतो," तो म्हणाला.

वडावरची पाखरं उडतील एवढं हसू झालं. "आरं, तू कधी साधी काडी तरी सोडलीस का?" कुणीतरी म्हणालं. फक्त बाजेवर पडलेला कमळू हसला नाही. तो म्हणाला, "धामणीचं लाकूड घे, येवढं मला ठावं हाय. म्होरलं तुझं तू बघ."

आता इथून भोरूचं जे काय झालं ते वेड म्हणावं की काय, तुम्हीच ठरवा. उजाडायच्या आत तो रानात. धामणीचा सरळसोट फाटा तोडला, तासला, तागाची दोरी मेण लावून बांधली आणि ओढली. ओलं लाकूड वाकलं ते वाकलंच, परत सरळ व्हायचं नाव नाही. त्याचा विळाच झाला. भोरू ते वाकडं घेऊन कमळूकडं धावला, जणू शिकारच घेऊन आलाय. "बाबा, दोरी छातीपातुर आली बघा!"

दुसरं लाकूड त्यानं जाळावर धरून घाईनं वाळवलं. त्याची दोरी हनुवटीपर्यंत आली आणि लाकूड उभं तडकलं. मग रानात वाळून पडलेला एक फाटा आणला, चहूबाजूंनी तासून तुळतुळीत केला. तो ओढताना असा मोडला की एक तुकडा कपाळावर बसला आणि हे एवढं टेंगूळ आलं. टेंगूळ घेऊन भोरू पुन्हा कमळूच्या बाजेशी हजर, डोळे नुसते लकाकतायत. "बाबा, आज गालापातुर आली!" कमळूलाही आता ते वेड चढलं होतं. मोडका पाय विसरून तो उठून बसायचा, तुकडे हातात घेऊन कुठं मोडलं, कसं मोडलं ते निरखायचा.

"लाकूड तुझं अजून शिकलं न्हाय," शेवटी तो म्हणाला. "धुरावर वरीसभर सुकाया हवं. मग त्याला वाकायची आन परत सरळ व्हायची सवय लावाया हवी."

"वरीस कुठनं आणू बाबा? आता वरल्या वावराचीच नागली उरलीया, डुक्कर उद्या-परवा तिथं येनार."

 भोरू तसाच कावड घेऊन पाण्याला गेला. घरी येऊन त्यानं मडकी उतरवली, आणि ओझ्यानं वाकलेला दांडा त्याच्या खांद्यावर झटक्यात सरळ झाला. रोजच होत होता. पण त्या दिवशी भोरूला ते दिसलं. त्यानं मडकी पुन्हा अडकवली. दांडा वाकला. उतरवली, दांडा सरळ. पुन्हा अडकवली. इतक्या वेळा अडकवली-उतरवली की पाणी हिंदकळून अंगणात चिखल झाला.

"आरं, पानी आनलंस का खेळ मांडलास?" आतून ठमा म्हणाली.

भोरू दांडा घेऊन आत आला. इतकी वर्षं खांद्यावर घेऊन हिंडलेलं लाकूड, वाकून वाकून शिकलेलं. पण ती बापाची कावड होती. तिचं धनुष्य केलं आणि तेही मोडलं तर? तोवर हातून गेलेली लाकडं रानाची होती. हे मोडलं असतं तर घरातला उरलासुरला बाप संपला असता, आणि आईचं पाणीही. 

"न्हाय आये, काय न्हाय," तो म्हणाला.

ठमाला कळायचं ते कळलं. तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आण हिकडं."

तिनं दांडा मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवत नेला. मधोमध, खालच्या अंगाला, लाकूड झिजून खोलगट झालं होतं. तिथं तिचा हात थांबला. "ह्यो तुझ्या बापाचा खांदा," ती म्हणाली. "हितं हत्यार लावायचं न्हाय. आन वरल्या अंगाला बी न्हाय. लाकडाची वरली रेघ तुटली की वझ्याखाली दांडा फाटतो, त्यो सांगायचा. खालनं तास, टोकांकडं."

भोरूनं कोयता घेतला. इतके दिवस घाईनं चालणारा त्याचा हात आता जपून चालायला लागला. टोकं बारीक झाली, मधली जागा होती तशी राहिली. प्रत्येक ढलपी ठमा उचलून पदरात ठेवत होती, एकही चुलीत घालू दिली नाही. कमळूला बाजेसकट उचलून आणलं होतं. दोरी चढवली. भोरूनं डावा हात मधोमध ठेवला आणि त्याचा तळवा त्या खोलगट जागेत बसला. नेमका बसला. पलीकडून बापानं खांदा लावलाय असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं, आणि रडता रडताच त्यानं दोरी ओढली. छाती. हनुवटी. गाल. कान. लाकूड हूं नाही की चूं नाही. सोडल्यावर दांडा पुन्हा होता तसा. कमळू बाजेवर हात आपटत लहान पोरासारखा ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना भोरू वरच्या वावराच्या बांधावर उभा होता. नागली हलली. डुकरानं त्याला पाहिलं, मान खाली घातली आणि ते सरळ त्याच्या अंगावर निघालं. भोरूनं बाण लावून दोरी कानापर्यंत ओढली. आणि असं म्हणतात की त्याच वेळी धनुष्यातून पाण्याचा आवाज आला. भरली मडकी चढावर हिंदकळतात तसा, डुबुक डुबुक. इतकी वर्षं वाहिलेलं सगळं पाणी त्या लाकडाच्या आठवणीत होतं म्हणतात. रात्रभर चरून तहानलेलं ते डुक्कर थबकलं. त्यानं कान टवकारले आणि पाणी कुठं आहे ते बघायला मान वळवली. भोरूला त्याची आख्खी कूस दिसली. त्यानं दोरी सोडली.

बाण डुकरातून आरपार गेला आणि तिथंही थांबला नाही. समोरच्या कड्याला जे आरपार भोक आहे, ज्यातून पलीकडचं आभाळ दिसतं, ते नेढं त्या बाणानं पाडलं असं म्हणतात. वाऱ्यानं पडलं म्हणणारेही आहेत. वाडीत त्यांना चहा मिळतो, पण दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

कळप पळाला तो पुन्हा फिरकला नाही. नागली घरी आली, वाडी उठली नाही. पण भोरू वावरातून घराकडं निघाला तो अर्ध्या वाटेत थबकला. आईला आज पाणी कशानं आणायचं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो धावतच घरी आला. अंगणात भरल्या मडक्यांची रांग लागली होती. आणि दरीच्या वाटेनं, त्याला हसणारे सगळे गडी, खांद्यावर हाताला लागेल तो दांडा टाकून, घाम पुसत, पाणी सांडत वर चढत होते. ठमा दारात बसून त्यांना सांगत होती, "आरं, येवढं हलू नका, निम्मं तर वाटंतच सांडलंत."

आता शिकार नाही, ती कायद्यानं बंद झाली. आडकड्याच्या वाडीत दिवाळीतल्या वाघबारशीला पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण मारतात, आणि शेवटचा एक बाण नेढ्याच्या दिशेनं हवेत सोडतात. धनुष्य मात्र ज्याचं त्यानं करायचं. पोरगा असो की पोरगी, आधी धामणीचा दांडा आणायचा आणि वर्षभर चुलीवरच्या धुरात ठेवायचा. मग पुढच्या वर्षी त्याची कावड करून, ज्या घरात कुणाचे गुडघे गेलेत त्या घरी दरीतलं पाणी भरायचं. वाडीत नळ येऊन बरीच वर्षं झाली, पण यासाठी नळाचं पाणी चालत नाही. वर्ष भरलं की दांडा घेऊन वाडीतल्या जुन्या माणसाकडं जायचं. तो दांड्याकडं बघतही नाही, नेमाचंही विचारत नाही.

"खांदा दाखव," एवढंच म्हणतो. पोर सदरा बाजूला सारतं. म्हातारा बोटांनी चाचपून बघतो, आणि घट्टा लागला की कोयता त्याच्या हाती देतो.