झुपीची शेंग आणि आत्याचे ब्रेक

एवढीशी खार. तिचं नाव झुपी. शेपूट मात्र हे एवढं मोठं!

झुपीला मिळाली शेंग. भुईमुगाची, दोन दाण्यांची. शेंग तोंडात धरून झुपी निघाली घरी. तुरु तुरु तुरु.

वाटेत कुमुदआत्याचं अंगण. अंगणात आत्याची लाल गाडी. ही गाडी थांबताना किंचाळायची. चींऽऽऽ! मागचे ब्रेक पार झिजले होते. आज आत्या नवे ब्रेक बसवणार होती. घरीच, आपल्या हातांनी! गाडी घरंगळू नये म्हणून तिने पुढच्या चाकाला वीट लावली होती.

झुपी गाडीखाली शिरली. तिला आली शिंक. आऽक्छी!

शेंग सुटली. टप्प! चाक आणि वीट यांच्या फटीत जाऊन बसली. झुपीने ओढली. निघेना. खूप ओढली. तरी निघेना. झुपीचे डोळे भरून आले.

"वीटबाई, वीटबाई, सरक ना!
माझी शेंग मिळेना!"

वीट म्हणाली, "मी नाही जा! मी सरकले तर गाडी पळेल. आधी ब्रेक बसू दे."

झुपी गेली नव्या ब्रेककडे. तुरु तुरु तुरु. ब्रेक खोक्यात लोळत होता.

"ब्रेकदादा, ब्रेकदादा, बस ना!
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

ब्रेक म्हणाला, "मी नाही जा! आधी ड्रम निघू दे."

ड्रम म्हणजे ब्रेकची लोखंडी टोपी. झुपी गेली ड्रमकडे. तुरु तुरु तुरु.

"ड्रमकाका, ड्रमकाका, निघ ना!
ब्रेक बसेना,
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

ड्रम म्हणाला, "मी नाही जा! आधी चाक उतरू दे."

झुपी गेली मागच्या चाकाकडे. तुरु तुरु तुरु.

"चाका, चाका, उतर ना!
ड्रम निघेना,
ब्रेक बसेना,
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

चाक म्हणालं, "मी नाही जा! पाना फिरल्याशिवाय माझे नट कसे सुटतील?"

झुपी गेली पान्याकडे. तुरु तुरु तुरु.

"पानादादा, पानादादा, फिर ना!
चाक उतरेना,
ड्रम निघेना,
ब्रेक बसेना,
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

पाना म्हणाला, "मी नाही जा! आधी आत्या उठू दे."

आत्या बसली होती पायरीवर. हात काळे. नाकही काळं!

"आत्या, आत्या, ऊठ ना!
पाना फिरेना,
चाक उतरेना,
ड्रम निघेना,
ब्रेक बसेना,
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

आत्या म्हणाली, "मी नाही जा! आधी चहा होऊ दे."

झुपी गेली स्वयंपाकघरात. तिथे होते आतोबा.

"आतोबा, आतोबा, चहा करा ना!
आत्या उठेना,
पाना फिरेना,
चाक उतरेना,
ड्रम निघेना,
ब्रेक बसेना,
वीट सरकेना,
माझी शेंग मिळेना!"

आतोबा म्हणाले, "मी नाही जा! आधी चष्मा मिळू दे. साखर कुठली, मीठ कुठलं, काही दिसेना!"

झुपीने वर पाहिलं. अय्या! चष्मा तर आतोबांच्या टकलावर!

झुपी चढली. सर सर सर. पायावरून, पोटावरून, खांद्यावरून.

"अगं अगं, गुदगुल्या!" आतोबा नाचायला लागले.

झुपीने शेपटीचा दिला फटका. फट्! चष्मा आला नाकावर.

चष्मा मिळाला, चहा झाला. आत्याने प्यायला. फुर्र फुर्र.
आत्या उठली.
पाना फिरला. कर्र कर्र.
जॅकवर गाडी चढली. कुईं कुईं.
चाक उतरलं. धप्प!
ड्रम निघाला. ठण ठण ठण्ण!
नवा ब्रेक बसला. खट्ट!

मग ड्रम परत, चाक परत, नट घट्ट. झुपी धावली.

"वीटबाई, आता सरक!"

वीट म्हणाली, "मी नाही जा! अजून दुसऱ्या बाजूचा ब्रेक राहिला की!"

झुपी मटकन खाली बसली. आत्याही बसली. म्हणाली, "अहो, अजून अर्धा कप!"

पुन्हा फुर्र फुर्र. पुन्हा कर्र कर्र. कुईं कुईं. धप्प! ठण ठण ठण्ण! खट्ट!

आत्या गाडीत बसली. ब्रेक दाबला. गाडी हलली नाही. किंचाळलीही नाही! गप्प उभी.

वीट सरकली. सर्रर्र!

शेंग मिळाली! झुपीने ती छातीशी धरली. कट्ट! फोडली. आत दोन दाणे, गुलाबी गुलाबी.

आत्याने काळा हात पुढे केला. "झुपे, एक दाणा मला दे ना!"

झुपी म्हणाली, "मी नाही जा!"

आणि दोन्ही दाणे खाल्ले. कुटुर कुटुर कुटुर.

दाणे गेले पोटात, टरफल पडलं अंगणात, आणि गोष्ट गेली गाडीत बसून. भुर्रर्र!