राजाची माणूसमुळी

"मुळी कापायची नाही, कुटायची नाही, उगाळायची नाही. पण आम्हां तिघांनाही डोक्यापासून पायांपर्यंत सगळ्या मुळीचं औषध मिळालं पाहिजे. आज दिवेलागणीच्या आत!"

उदाजीराजांनी हुकूम सोडला आणि औषधशाळेत कुटायचं काम करणाऱ्या हरबाच्या हातून बत्ता निसटला. दाराशी बेहड्याच्या साली निवडत बसलेली त्याची लेक येसू उठली. तिनं बत्ता उचलून बापाच्या हातात दिला.

झालं होतं असं. चीन देशाच्या एका व्यापाऱ्यानं राजाला जिनसेंगची मुळी नजर केली होती. थकवा घालवते, अंगात ताकद आणते, एवढंच सांगून तो गेला. मुळी दिसायला थेट माणसासारखी. डोकं, दोन हात, दोन पाय. राजांनी तिला जीभ लावून पाहिली, कडू तोंड केलं आणि तिथूनच भांडण सुरू झालं.

आईसाहेब म्हणाल्या, "पाय माझे. गुडघे धरलेत."

सेनापती म्हणाले, "हात मला असावेत. तलवार जड लागते हल्ली."

"आणि डोकं आमचं," राजे म्हणाले. "आम्हाला नावं आठवत नाहीत. हो की नाही, तुकोजी?"

सेनापतींचं नाव मालोजी होतं.

मग आईसाहेबांना वाटलं, नुसते पाय घेऊन काय करू, कंबरही दुखतेच आहे. सेनापतींना पाठ आठवली. प्रत्येकाला सगळीच मुळी हवी झाली. त्यात राजांना ती चांदीच्या पेटीत घालून दसऱ्याला शेजारच्या राजाला दाखवायचीही होती. त्याच्याकडे तशी नव्हती ना!

"नाही जमलं तर, महाराज?" हरबानं चाचरत विचारलं.

"तर औषधशाळा सोडायची. मागची खोलीसुद्धा."

त्या खोलीत येसूचा जन्म झाला होता, आणि तिची आई गेली तीही तिथंच.

राजे गेल्यावर हरबा खलाकडे बघत राहिला. "चाळीस वर्षं कुटतोय, पोरी. न कुटता औषध कसं करतात, मला ठाऊक नाही."

"आईला ठाऊक होतं," येसू म्हणाली. "खोकला झाला की सुंठेचा अख्खा तुकडा पाण्यात उकळायची. मग धुऊन, वाळवून पुन्हा डब्यात. एक तुकडा महिनाभर पुरवायची."

"शेवटी नुसतं लाकूड उरायचं त्याचं."

"मग बाकीचं कुठं जायचं, बाबा?"

हरबानं लेकीकडे पाहिलं आणि चुलीत फुंकर घातली.

दिवसभर मंद आचेवर मातीचं मडकं रटरटत राहिलं. हरबा दर घटकेला झाकण उघडून मुळीचे हातपाय मोजून घेई. दिवेलागणीच्या आधीच येसू तीन पेले आणि चांदीची पेटी घेऊन दरबारात उभी राहिली, तिच्या मागे हरबा.

आईसाहेबांनी पेला डोळ्यांपाशी धरला. "यात पाय कुठं आहेत?"

"पाय आहेत, हात आहेत, डोकंही आहे, आईसाहेब. आमटीत मीठ घातलं की खडा कुणाच्या वाटीत गेला, असं कुणी विचारतं का?"

तिघांनी तोंडं वेडीवाकडी करत पेले रिकामे केले. सेनापतींनी लगेच दंड चाचपले. "फुगले! मला तर जाणवतंय."

"माझे गुडघे होते तिथंच आहेत," आईसाहेब म्हणाल्या.

"औषध आहे, आईसाहेब, मंत्र नाही," येसू म्हणाली. "थोडे दिवस जाऊ द्या. गुण आला तर मुळीचा. नाहीच आला, तर निदान मुळी तरी शाबूत आहे."

राजांनी पेटी उघडली. मुळी अख्खी होती. उलट पाणी पिऊन जरा गुटगुटीतच झाली होती. त्यांनी डोळे बारीक केले. "पण मुळीचा कस पाण्यात उतरला कशावरून? अजून हिच्यातच दडून बसला असला तर?"

"सकाळी महाराजांनी जीभ लावली होती. आता पुन्हा लावून बघावी."

राजांनी लावली. पुन्हा लावली. "शेजारच्या राजाच्या गप्पांसारखी बेचव आहे ही!" मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे दसऱ्याला आम्ही पेटीतून दाखवायचं काय? लाकूड?"

"ऐट, महाराज," येसू म्हणाली. "ती काही उकळून जात नाही."

हरबानं डोळे मिटून घेतले. मग राजांच्या पोटातून हसू निघालं आणि ते इतकं वाढलं की आईसाहेबांना त्यांची पाठ थोपटावी लागली.

"मागची खोली हरबाला कायमची दिली," डोळे पुसत राजे म्हणाले. "आणि उद्यापासून वाड्यातले सगळे काढे ही पोरगी करेल. नाव काय म्हणालीस तुझं?"

"येसू."

"लिहून ठेवा, तुकोजी. काढा लागू पडेपर्यंत आमच्या लक्षात राहायचं नाही."

"मालोजी, महाराज," सेनापती म्हणाले.

"तेही लिहून ठेवा."