यसबा कासाराचा दोरा

फार वर्षांपूर्वी, धामणवेलीच्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असायचं तेव्हा, त्या गावात यसबा नावाचा एक कासार होता. खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि काखेत कळकाची एक नळी घेऊन तो घरोघर फिरायचा. बोलणं अगदी हळू. एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबायचा. बायका हसून म्हणायच्या, "यसबाकाकांनी सकाळी राम म्हटलं, की दुसरा राम दुपारी येतो." त्यावर तोही हसायचा, तेसुद्धा हळूच.

परक्या घरच्या लेकीसुनांचा हात हातात घ्यायची मुभा गावात एकट्या कासाराला. यसबानं ती मुभा देवाची ठेव असल्यासारखी सांभाळली. त्याच्या हातून बांगडी चढताना कधी कुणाला ओरखडा उठला नाही. असं म्हणतात, की हात हातात घेतला की त्याला कळायचं, या बाईच्या पोटात आज भाकरी गेली आहे की नुसतं पाणी.

यसबा शाळेत गेला नव्हता. कुणाला कोणतं माप लागतं हे लक्षात ठेवायला त्यानं आपली रीत काढली होती. गावात नवी नवरी आली, की लग्नाचा चुडा भरताना तो तिच्या मनगटाभोवती सुती दोरा धरायचा आणि माप पुरं होई तिथं गाठ मारायचा. मग तो दोरा कळकाच्या नळीत जायचा. कुणाच्या दोऱ्याला हळद लावलेली, कुणाच्या दोऱ्याला काव, कुणाच्या टोकाला लहानसा मणी. त्याचं त्याला ओळखू यायचं.

आणि बांगड्या भरून झाल्या की तो प्रत्येकीला एकच विचारायचा, "जेवलीस का, लेकी?"

प्रत्येक सून खाली बघून म्हणायची, "व्हय, काका."

तोंड हो म्हणायचं. हात नाही म्हणायचा.

धामणवेलीत जेवायची रीत अशी होती, की आधी पुरुष बसायचे, मग पोरं, मग सासू, आणि चुलीपुढं धुरात बसून भाकरी थापणारी सून सगळ्यात शेवटी. टोपल्यात उरेल ते तिचं. नाही उरलं, तर तव्यावरचा करपलेला पापुद्रा आणि कालवणाच्या मडक्यात फिरवलेलं पाणी. तिनं मागायचं नाही. मागितलं तर ती हावरी, तिला माहेरचं वळण नाही. आणि कुणी तिला विचारायचंही नाही, कारण विचारलं तर वाढावं लागतं. गाव याला मर्यादा म्हणत होतं. साऱ्या घराला खाऊ घालणाऱ्या हाताला घास मिळू नये, आणि वर त्याला मर्यादा म्हणायचं!

त्या वर्षी हैबतराव पाटलाची सून गोजरा सातव्या महिन्यात होती. पाटलाघरी मोठं डोहाळजेवण मांडलं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, अंगणात रांगोळी, साऱ्या गावाच्या बायकांना आवतण. हिरवा चुडा भरायला यसबाला बोलावलं. त्यानं नळीतून गोजराचा दोरा काढला, त्या मापाच्या बांगड्या निवडल्या आणि तिचा हात हातात घेतला.

लग्नात याच मापाची बांगडी तेल लावून चढवावी लागली होती. आज ती हातावर ठेवली आणि सरळ घरंगळत कोपरापाशी जाऊन थांबली.

गोजरानं हात मागं ओढला.

"लेकी," यसबा म्हणाला. थांबला. "जेवलीस का?"

"व्हय, काका."

तिचा हात थंडगार होता. कालपासून त्या पोटात काही गेलं नव्हतं. एका पोटात दोन जीव, आणि दोघेही उपाशी. मागं परसात कुत्रं भाकरी चघळत होतं. पाटील पानात अर्धी टाकून उठायचा, ती कुत्र्याची.

गोजराची सासू राहीबाई झटक्यात पुढं आली. "यसबा, तोंड काय बघतोस? लहान मापाची भर की."

"लहान मापाची," यसबा म्हणाला, "लहान पोरीला भरतात, पाटलीणबाई."

"कासारानं बांगड्या विकाव्यात. लोकांची घरं मोजत बसू नये."

"घर न्हाई मोजलं. मनगट मोजलं."

त्यानं कोपरापर्यंत गेलेली ती बांगडी अलगद काढून घेतली, माळा खांद्यावर टाकल्या आणि म्हणाला, "या गावात लहान मापाची बांगडी माझ्या हातनं कुणाला भरली जाणार न्हाई." एवढं बोलून तो भरल्या अंगणातून निघून गेला. गोजराचे हात उघडेच राहिले. सवाष्णीचे हात, तेही डोहाळजेवणाच्या दिवशी! बायकांनी तोंडाला पदर लावले.

पुढचे चार दिवस यसबा दारोदार फिरला, पण बांगड्या भरायला नाही. प्रत्येक सुनेला तिचा लग्नातला दोरा मनगटाभोवती धरायला लावायचा आणि आजचं माप जिथं येई तिथं दुसरी गाठ मारायचा. पाचव्या दिवशी तो चावडीवर गेला आणि बसलेल्या पुरुषांपुढं त्यानं नळीतले सुनांचे दोरे काढून ठेवले. त्रेचाळीस दोरे. प्रत्येकाला दोन गाठी. कुठं मधे एका बोटाची जागा, कुठं दोन बोटांची.

"हे काय आणलंस?" हैबतराव म्हणाला.

"पाटील, गेल्या साली तुमचा ढवळ्या बैल उतरला होता. तवा काय केलंत?"

"करतो काय? सरकी घातली, गूळ घातला. कामाचं जनावर ते."

"त्यानं मागितलं होतं?"

चावडीवर हशा पिकला. "बैल कसा मागंल रे, येड्या?"

यसबा हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "न मागता बैलाची बरगडी दिसली तुम्हाला! आणि रोज समोर बसून भाकरी वाढणारीचं मनगट दिसलं न्हाई? या दोन गाठींच्या मधे जे आता न्हाई, ते तुम्ही खाल्लंत. तुम्ही समद्यांनी."

हशा विरला. हैबतराव उठला आणि त्यानं दोऱ्यांचा पुंजका लाथेनं उडवला. "बांगड्या भरायच्या असतील तर गावात ऱ्हा. न्हाईतर वेशीबाहेर हो."

यसबानं वाकून एकेक दोरा गोळा केला. मग तो वेशीबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "गावातली शेवटची सून जेवली, की मी जेवीन. तोवर पाणी."

पाटलानं दुसऱ्या गावचे कासार आणवले. असं म्हणतात, की त्यांच्या माळा वेशीच्या आत आल्या की काच आपोआप तडकायची. तिघे आले, तिघेही रिकाम्या दोऱ्या घेऊन परतले. चौथा कुणी आलाच नाही.

ओढ्याची वाट लिंबाखालून जायची. दुपारी बायका पाण्याला निघाल्या की यसबा विचारायचा, "जेवलीस का, लेकी?" आणि हात पुढं करायचा. त्याच्या हातात हात दिला की खोटं चालायचं नाही. एक जरी उपाशी निघाली, की तो मान हलवायचा आणि तांब्यातलं पाणी प्यायचा. पहिल्या दिवशी त्रेचाळीसमधल्या चाळीस उपाशी होत्या.

तिसऱ्या दिवसापासून गावात नवलच घडायला लागलं. ज्या सुनांना स्वतःसाठी घासभर मागायला जीभ उचलत नव्हती, त्या म्हणायला लागल्या, "आत्याबाई, मला वाढा. तिकडं म्हातारा उपाशी बसलाय." एकीनं तर नवऱ्याच्या पानातली भाकरी उचलली आणि त्याच्यासमोरच खाल्ली. तो म्हणाला, "अगं, ही काय तऱ्हा!" ती म्हणाली, "माझी न्हाई. यसबाकाकांची." आपल्या भुकेचं नाव काढायला दुसऱ्याची भूक लागावी, याहून लाजिरवाणी गोष्ट कुठल्या गावाची असेल? पण तसं झालं खरं. चाळीसाच्या वीस झाल्या, विसाच्या पाच. आठव्या दिवशी उपाशी उरली एकटी गोजरा. पाटलाच्या घरात अजून मर्यादा होती.

त्या दुपारी भर उन्हात राहीबाई लिंबाखाली आली. यसबाला आता बसवतही नव्हतं. तो बुंध्याला टेकला होता.

"मरायचंय का तुला?" ती तडकली. "माझ्या दारावर पाप टाकतोस? मी काय जगावेगळं केलं? माझ्या सासूनं केलं तेच केलं."

यसबानं नळीत बोटं घालून एक जुना दोरा काढला. मळून काळा पडलेला, टोकाला तांबडा मणी. "हात द्या, पाटलीणबाई."

"हा कुणाचा?"

"तुमचा. नवरी होऊन आलात तवाचा."

त्यानं तो तिच्या मनगटाभोवती धरला. दोरा इतका सैल, की आत तीन बोटं गेली. चाळीस वर्षांपूर्वी या हातात किती मांस होतं, ते राहीबाई बघत राहिली. मग तिचा आवाज बारीक झाला. "मला कुणी इचारलं होतं रे तवा?"

"मी इचारलं होतं," यसबा म्हणाला. "तुम्ही व्हय म्हणालात. हात न्हाई म्हणत होता. मला कळलं होतं, आणि मी लहान मापाची बांगडी भरली. त्या पापापायी बसलोय हितं. गोजराच्या वक्ताला तरी गप बसायचं न्हाई म्हणून."

राहीबाईनं तो दोरा मुठीत धरला आणि ती तडक घरी गेली.

हैबतराव शेतावरून आला, तर त्याचा पाट मांडलेला नव्हता. पाटावर गोजरा बसली होती. पुढं ताट भरलेलं, आणि सासू वाढत होती.

"हे काय? आधी कोण बसलंय?"

"जी दोन जिवांचं जेवती, ती."

"आणि मी?"

"टोपल्यात उरंल ते तुमचं," राहीबाई म्हणाली. "मी चाळीस वर्षं खाल्लंय. मरत न्हाई माणूस. बारीक होतं, एवढंच."

पाटील उभाच राहिला. त्याला बायकोच्या मुठीतला दोरा दिसला, टोकाला तांबडा मणी. तो तिच्या लग्नातल्या चुड्याच्या मापाचा, हे ओळखायला त्याला वेळ लागला. मग तो खाली बसला, आणि गोजराचं जेवण होईपर्यंत उठला नाही.

ऊन कलताना गोजरा लिंबाखाली आली. हातात तांब्या आणि फडक्यात भाकरी. यसबानं तिचा हात हातात घेतला. तो उबदार होता.

"जेवले, काका," ती न विचारताच म्हणाली.

आठ दिवसांत पहिल्यांदा यसबा हसला. तिनं भाकरी पाण्यात भिजवून त्याला भरवली. असं म्हणतात, की त्याच वेळी वेशीत पडलेल्या साऱ्या फुटक्या काचा हिरव्या झाल्या आणि दिवस मावळेपर्यंत चमकत राहिल्या. महिन्याभरानं त्यानं गोजराला चुडा भरला, लग्नातल्याच मापाचा. तेल लावून चढवावा लागला. तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, आणि बारशाला पाटलानं स्वतः पंगतीत बायकांना वाढलं.

यसबा कधी गेला, कुणी पाहिलं नाही. एका सकाळी लिंबाखाली फक्त कळकाची नळी होती. त्या लिंबाच्या बुंध्यावर बांगड्यांसारखी वळं आहेत. यसबानं झाडाला चुडा भरला, असं म्हणतात.

धामणवेलीत अजून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कासाराची कर असते. आदल्या दिवशी बैलांना पुरणपोळी, या दिवशी बायकांना. चुलीपाशी पुरुष, पाटावर सुना. प्रत्येक घरच्या देव्हाऱ्यात सुनेचा लग्नातला दोरा असतो, तो त्या दिवशी मनगटाला बांधून बघतात. सैल झाला असेल तर घरातल्या थोरांनी लिंबाखाली जाऊन उपाशी बसायचं, ती पोटभर जेवून बोलवायला येईपर्यंत. कुणाची सुटका नाही. सरपंचही बसलेला आहे.

आणि रोजचं तर असं, की पहिला घास मोडण्याआधी घरातला थोर माणूस आत वळून विचारतो, "जेवलीस का?" आतून हो आलं तरी तो जेवायला लागत नाही. म्हणतो, "हात दे."